चुन्याची कार्यशाळा

"चुना लोण्यासारखा मऊ झाला पाहिजे," असं म्हणत प्रशिक्षक माझ्याकडे वळले आणि माझा हात घमेल्यातच थांबला. हे तर आमच्या गावचे हैबती मिस्त्री!

कार्यशाळेला गावोगावच्या वारसा समित्यांचे सदस्य आले होते. मी खाली मान घालून चुना मळत राहिलो. गेल्या वर्षी आमच्या वेशीच्या डागडुजीचं काम मागायला मिस्त्री समितीपुढे आले होते. "प्रमाणपत्र आहे का?" मी मोठ्या तोऱ्यात विचारलं होतं. आजोबांनी बांधलेल्या कमानींबद्दल ते सांगू लागले, तेव्हा मी पुढची फाईल उघडली. मग आम्ही वेशीला सिमेंट फासलं आणि एका पावसाळ्यात दगड सुटले.

"हे आमच्या गावचे साहेब," मिस्त्री सगळ्यांना कौतुकानं सांगत होते. "बघा, एवढ्या लांब शिकायला आले."

संध्याकाळी प्रमाणपत्रं वाटली. माझ्या प्रमाणपत्रावर प्रशिक्षक म्हणून त्यांचीच सही होती, एकेक अक्षर जपून काढलेली. ते माझ्या हातात देताना मिस्त्री अगदी काळजीनं म्हणाले, "नीट सांभाळा, साहेब. हे नसलं की दारात कुणी उभं करत नाही."