शकुनाचा हात

केशवअण्णांनी इंजिनाच्या ब्लॉकवर शकुनाची थाप मारायला हात उचलला आणि प्रियदर्शनी रंगाची गन धरून जागीच थबकली.

उद्यमबागेतल्या त्या गॅरेजात अण्णांची थाप पडल्याशिवाय कुठल्याही इंजिनाला रंग लागत नसे. अण्णांचा हात लागला की इंजिन वीस वर्षं कुरकुर करत नाही, असं सगळे मानत. सगळ्यांत जास्त खुद्द अण्णा. त्या हाताचं मधलं बोट तरुणपणीच लेथनं नेलं होतं. उरलेली चार बोटं दिवसातून शंभरदा डोक्यावरून फिरत, आणि डोक्याला खोबरेल तेल चांगलं चोपडलेलं असे.

प्रियदर्शनी सांबऱ्याहून यायची. तीन वर्षं तिनं नुसते पार्ट धुतले होते. मागं लागून लागून शेवटी स्प्रे गन हातात आली, ती खडेबाजारातल्या वकिलांच्या जुन्या मोटारीसाठी. तिनं मन लावून रंग मारला आणि इंजिन तापल्यावर तो फुगून सुटला. पुन्हा मारला, पुन्हा सुटला. नागेंद्र गॅरेजातला जुना रंगारी. त्याचा रंग सुटला की खोट रंगाच्या डब्यात असायची. हिचा सुटला तेव्हा ती हिच्यात निघाली. तिसऱ्यांदा सुटला तर गन नागेंद्रकडं आणि ही परत धुण्याच्या टाकीवर, असं अण्णांनी वकिलांसमोरच सांगून टाकलं.

म्हणून या खेपेला तिनं जीव ओतला होता. लोखंड उघडं पडेपर्यंत ब्लॉक तारेच्या ब्रशनं खरवडला. साबणानं धुतला, गंज धरायच्या आत हवा मारून वाळवला, थिनरनं दोनदा पुसला. रंग नको त्या जागा टेपनं झाकल्या. हातमोज्यांशिवाय त्याला बोटसुद्धा लावलं नाही. आणि आता हा हात!

थाप पडली.

"हं, मार आता रंग," अण्णा म्हणाले.

प्रियदर्शनीनं गन खाली ठेवली. आपल्या पिशवीतून तोंडाला लावायच्या पावडरचा डबा काढला आणि थाप पडली होती तिथं भुरभुरला.

"इंजिनाला पावडर? लगीन ठरलंय व्हय त्येचं?" नागेंद्र खिदळला. गाडी बघायला आलेले वकीलही हसले.

ती वाकली आणि तिनं जोरात फुंकर मारली.

पावडर उडून गेली. उघड्या लोखंडावर पांढरा पंजा तेवढा उरला. मधल्या बोटाची जागा मोकळी.

"अण्णा, दोनी डाव रंग हितंच सुटलाय," ती म्हणाली.

हसणं जागच्या जागी थांबलं. तिनं मान खाली घातली नाही. अण्णांनी पंजाकडं पाहिलं. मग आपला हात उलटासुलटा करून पाहिला. नागेंद्र डब्यांच्या फळीकडं बघत उभा राहिला.

"तीस वर्सं झाली," अण्णा सावकाश म्हणाले, "मीच रंग काढत आलोय की गं!" आणि कोपरापर्यंत हात धुवायला निघून गेले.

तिनं ब्लॉक पुन्हा पुसला आणि रंग चढवला. चार दिवसांनी इंजिन गाडीत बसलं. तासभर चालवलं, चांगलं तापवलं. रंग तसूभर हलला नाही. वकिलांनी बॉनेटखाली डोकं घालून तीनतीनदा खात्री केली आणि तिला शाबासकी दिली. प्रियदर्शनीला नाचावंसं वाटत होतं. नागेंद्रनं कुणाला न सांगता तिचे हातमोजे आपल्याला बसतात का ते पाहून घेतलं.

इंजिन निवल्यावर अण्णा जवळ आले. सवयीनं हात उचलला गेला आणि मध्येच थांबला. आपल्या गॅरेजात या माणसानं आजवर कुणाची परवानगी मागितली नव्हती.

"दर्शने," ते म्हणाले, "आता लावू काय गं हात?"