हवापालट

एक जुनी गोष्ट बिशपसाहेबांच्या मनाला टोचत होती. पण पापाची कबुली द्यायची कुणापाशी? शहरातल्या झाडून सगळ्या फादरांना त्यांचा आवाज पाठ! शेवटी साधा शर्ट चढवून, बोटातली अंगठी खिशात टाकून, त्यांनी तीन बस बदलत डोंगरमाथ्यावरचं सगळ्यात लांबचं चर्च गाठलं आणि कबुलीच्या जाळीपाशी गुडघे टेकले.

"फादर, माझ्या हाताखालचा एक जण भर पंगतीत म्हणाला, 'साहेबांचं प्रवचन ऐकून भिंतीवरच्या संतांनाही जांभया येतात.' सगळे खो खो हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी त्याची बदली करून टाकली. कुठे, तेही आता आठवत नाही. वर पत्रात साळसूदपणे लिहिलं, 'तिकडची हवा तुमच्या प्रकृतीला मानवेल.'"

जाळीपलीकडे कुणीतरी खाकरलं. "दहा प्रार्थना म्हणा. देवाने तुम्हाला माफ केलं."

बिशपसाहेब हुश्श करून उठले.



"आणि साहेब, इथली हवा मला अजिबात मानवत नाही."