फटीतली घोळ

दिवसभर विनापरवाना लावलेली रोपं जाळून निरीक्षक हेमलता गावितचे खांदे भरून आले होते. शेवटचं घर सोनाबाईंचं. त्यांच्या अंगणात, फरशीच्या फटीतून, लालसर देठाचं काहीतरी पसरलं होतं. हेमलताने रोपं ओळखायचं यंत्र त्यावर धरलं. यंत्र म्हणालं, "कोणत्याही कारखान्याचं रोप नाही."

"कुणी लावलं?"

"कुणी नाही. आपोआप उगवली," सोनाबाई म्हणाल्या. "घोळ आहे ती, माझी आई भाजी करायची."

"आता आपोआप काही उगवत नाही, बाई."

"म्हणून तर रोज बघत बसते."

हेमलताने जाळायची नळी उचलली, पण हात पुढे होईना. ती पायरीवर टेकली.

"बी धरते का ही?"

"धरते की. काळं, बारीक."

हेमलताने यंत्र बंद केलं.

"पिकलं की थोडं मला ठेवा," ती म्हणाली.