सोनेरी टोकांच्या वायरी

“दहा दिवसांत परत घेतात म्हणालेत ना? आज नववा आहे, बाबा. देऊन टाकू त्या वायरी,” साकेत चपला काढता काढताच म्हणाला.

प्रभाकररावांनी त्र्यंबककाकांना पंख्याखालची खुर्ची दिली. साकेतने ठाण्याहून येताना काकांना कोपरीतून मुद्दाम उचलून आणलं होतं. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेला माणूस. निकाल त्यांनी द्यायचा, असं बापलेकाचं फोनवर ठरलं होतं.

भानगड एवढीच. प्रभाकररावांनी डोंबिवलीच्या घरी होम थिएटर घेतलं, साधंच, बारा हजारांचं. मग एका प्रदर्शनात त्यांना स्पीकरच्या दोन वायरी आवडल्या. बोटभर जाड, वर निळी कापडी वीण, टोकांना सोन्याचा मुलामा. किंमत नऊ हजार! जन्मभर दुसऱ्यांसाठीच खरेदी केलेल्या माणसाने स्वतःसाठी केलेली ही पहिली चैन.

“बैलगाडीला विमानाची चाकं,” साकेत म्हणाला होता. ते प्रभाकररावांनी हसण्यावारी नेलं. पण पुढे तो म्हणाला, “आणि या वयात कानांना काय फरक कळणार?” ते मात्र लागलं. अलीकडे दाराची बेल निसटायची, कुकरच्या शिट्ट्या चुकायच्या. नव्या वायरी लागल्या आणि तंबोऱ्याच्या तारा सुट्या सुट्या ऐकू यायला लागल्या, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. आज त्र्यंबक ‘फरक नाही’ म्हणाला, तर वायरी गेल्याचं काही नव्हतं. कान गेले, हे सगळ्यांसमोर ठरणार होतं.

“जोडल्यात नीट ना?” साकेतने कपाटामागे डोकावायचा प्रयत्न केला. कपाट भिंतीला चिकटून होतं आणि काचेच्या भांड्यांनी गच्च भरलेलं.

“तुझ्या आईने जोडल्यात. टेलिफोन खात्यात तीस वर्षं तेच केलंय तिने. मी भाजी घेऊन येईस्तोवर काम फत्ते!”

सरोजताई पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या. “बसवल्यात घट्ट. हलायच्या नाहीत,” त्या म्हणाल्या.

“वहिनी, तुमचं काय मत?” त्र्यंबककाकांनी विचारलं. “फरक पडतो का हो?”

“मला कशाला मध्ये घेता? यांना आवडलंय ना, झालं तर.”

प्रभाकररावांना एकदम काही आठवलं. “अगं, वाळत घालायची दोरी आणायची आजही राहिली बघ. तीन रविवार सांगतेयस.”

“राहू द्या. झाली सोय. पोहे गार होतायत.”

प्रभाकररावांनी जुनी मैफल लावली. त्र्यंबककाकांनी बशी खाली ठेवली, डोळे मिटले. गाणं पाच मिनिटं पुढे सरकलं.

“प्रभ्या,” काका डोळे न उघडताच म्हणाले, “गणपतीत आलेलो तेव्हा हाच गवई गोणपाटाआडून गातोय असं वाटलं होतं. आणि आज? तंबोरा मांडीला मांडी लावून बसलाय रे! या वायरी परत केल्यास तर माझ्याशी गाठ आहे.”

प्रभाकररावांनी चष्मा काढून पुसला, मग डोळेही पुसले. “ऐकलंस? अजून शाबूत आहेत म्हटलं माझे कान!”

साकेत ओशाळला. थोडा वेळ ऐकून म्हणाला, “खरंच हां बाबा. मलाही जाणवतंय. सॉरी, मी उगाच बोललो.”

“अरे, सोड. पोहे खा.” प्रभाकररावांनी आवाज दोन घरं वाढवला आणि खुर्चीवर ताल धरला. इतके खूश ते निवृत्त झाले त्या दिवशीही नव्हते.

सरोजताईंनी नवऱ्याकडे एकवार बघितलं आणि रिकाम्या बश्या उचलल्या. “साकेत, गॅलरीतली चादर वाळली असेल. आण बाबा तेवढी. ओली, जड होती सकाळी, पण जरासुद्धा झोळ पडला नाही.”

साकेत गॅलरीत गेला. त्याने चादर ओढून घेतली. या गजापासून त्या गजापर्यंत दोन निळ्या कापडी दोऱ्या ताठ बांधलेल्या होत्या, आणि गाठींतून बाहेर आलेली सोनेरी टोकं उन्हात चमकत होती.