ज्वारीचं पान

ओतलेलं पाणी पुन्हा गच्चीवरच सांडलं. खालचा कॅन कोरडा तो कोरडाच.

"हाई बी वाया गये," हर्षदाची आई सरलाबाई म्हणाली. "तीन जिना चढीसन आनेल पानी शे, बेटा. आते एकच तांब्या देसू."

हर्षदा रडायच्या बेताला आली. कॉलेजात उद्या प्रदर्शन. नवागामच्या या बिल्डिंगीत नळ तळमजल्यावर आणि आईचे दुखरे गुडघे तिसऱ्या मजल्यावर, म्हणून तिने हे ज्वारीच्या ताटासारखं यंत्र रचलं होतं. मधे उभा पाइप, त्याला पत्र्याची लांब पानं. पानांनी पाऊस आणि दव झेलायचं, पाइपावरून खाली कॅनमध्ये सोडायचं. पण पान जिथे पाइपाला टेकत होतं, नेमकं तिथेच सगळं गळून जात होतं. दोनदा एमसील लावून झालं होतं.

तिचे पप्पा सुकलाल पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधून नुकतेच आले होते. बशीतला चहा संपवून ते जवळ आले.

"तू जवारी कोठे देखी?"

"यूट्यूबवर. रहेवा दो ने पप्पा, तुम्हाला नाही समजणार."

सुकलालने राग मानला नाही. "हात उभा धर," एवढंच म्हणाले.

कॅनवर तिने कोपर धरून हात उभा केला. त्यांनी आपला हात तिरका करून नुसती बोटं तिच्या मनगटाला टेकवली. "वत वं," ते सरलाबाईला म्हणाले. अर्धा तांब्या बोटांच्या फटींतून जमिनीवर गेला.

"हाई तुनं पान."

मग त्यांनी तिचं मनगट अख्ख्या मुठीत धरलं. "आनि हाई जवारीनं. ते दांडाले नुसतं टेकत नही, मिठी मारस."

उरलेलं पाणी त्यांच्या रंगाने डागाळलेल्या हातावरून आलं, तिच्या मनगटाला वळसा घालून कोपरावरून कॅनमध्ये पडलं. एक थेंब इकडेतिकडे नाही.

पत्रा पाइपाभोवती गुंडाळायचा, बस्स. हर्षदाला लगेच उमगलं. पण पाचवीनंतर पप्पांनी तिचा हात धरला नव्हता. मुलगी मोठी झाली की बापाची माया चार हात लांब उभी राहते. ती खरखरीत मूठ तिला फार बरी वाटली.

"समजनं का?"

"नाही," ती म्हणाली. "मम्मी, अजून एक ओत."

सरलाबाईने दोघांकडे एकदा पाहिलं. मग हंडा जवळ ओढला आणि तांब्या काठोकाठ भरला.