दहा वेळा एकच उत्तर

मुलीने हेडफोनसाठी नवी, भारीतली केबल आणली, तेव्हा बाबांनी नाक मुरडलं. "केबल म्हणे! वायर ती वायर. आवाजात तसूभर फरक पडत नाही." त्यांच्या शब्दाला वजन होतं. तीस वर्षं स्टुडिओतून एकही गाणं बाबांनी मान डोलावल्याशिवाय बाहेर पडलं नव्हतं, आणि अजूनही पडत नव्हतं.

"मग होऊन जाऊ दे परीक्षा," ती म्हणाली. बाबांनी डोळे मिटले. कधी जुनी केबल, कधी नवी, असं तेच गाणं तिने दहा वेळा ऐकवलं. दहाही वेळा उत्तर एकच आलं, "फरक नाही."

"हरलीस की नाही? कर कबूल!"

हसत हसत हेडफोन काढून घेताना तिचं लक्ष गेलं. केबलच्या टोकाला दोन कानांसाठी दोन पिना होत्या; शेवटच्या खेपेला घाईत उजव्या कानाची पिन बसलीच नव्हती, नुसती लोंबकळत होती.

"बाबा, आणखी एकदाच. मिटा डोळे."

या वेळी तिने फक्त उजवी पिन नीट बसवली, डावी मोकळी सोडली आणि गाणं सुरू केलं.

बाबा वाट पाहत राहिले.

"अगं, लाव ना आता!"