गळ्यातली पाटी

इंग्रजीच्या दिवशी मदरशात बेटावरची घरची मादुरी बोली बोललेल्या मुलीच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी पडे. रडणाऱ्या नव्या पोरीला मादुरीत समजावलं म्हणून आज ती मस्रूराच्या गळ्यात होती, आणि इंग्रजी प्रवचनाची पाळीही तिचीच. ऐकायला मदरसा चालवणाऱ्या न्याईबाई येऊन बसल्या होत्या; अडखळली तर पुन्हा कधी मंच मिळणार नव्हता. “पाटी काढ, न्याईबाई समोर बसल्यात,” भाषेवर पहारा ठेवणारी वरच्या वर्गातली ताई कुजबुजली. “का ताई? बोलले ते बोलले.” पहिल्याच वाक्यात तिची जीभ अडली. “हिचं इंग्रजी अजून होडीतच आहे, बेटावर उतरलंच नाही!” मागून हशा पिकला. मस्रूरानं बिस्मिल्ला म्हटलं आणि आई तांदूळ पाखडताना गायची त्या पैगंबरस्तुतीच्या चालीवर प्रवचन उचललं. “अगं, इंग्रजी गायचं नसतं!” ताई ओरडली. पाटीवर ठेका धरून मस्रूरा न अडता शेवटपर्यंत गायली. न्याईबाई स्वतः पाटी काढायला उठल्या. “राहू द्या, बाई,” मस्रूरा म्हणाली. “ती नवी पोर अजून रडतेय, तिच्याशी पुन्हा मादुरीतच बोलावं लागेल.”